उघड्या मानेची

त्या साली माघात कोंबड्यांवर मानमोडी आली आणि आठ दिवसांत आमची वस्ती मुकी झाली. कोंबड्या सकाळी डालग्याखालून निघायच्या, मान वाकडी करून भिंतीकडं बघत उभ्या राहायच्या, आणि दिवस मावळायच्या आत मामंजी फावडं घेऊन लिंबामागं जायचे. आरवायला एक कोंबडा उरला नाही. आमचे मालक, महेशराव, कोंबड्याच्या आरवण्यावर उठायचे, एम-एटी गाडीला फुलांच्या पाट्या बांधायचे आणि पंचवटीच्या बाजाराला जायचे. त्या आठवड्यात दोनदा ते झोपून राहिले आणि झेंडू तसाच माघारी आला.

शहाण्णव सालची ही गोष्ट. गंगापूर रोडनं धरणाकडं जाताना आमची वस्ती लागायची. आता आमच्या गुलछडीच्या वाफ्यांवर बंगले आहेत आणि फाटकांवर कुत्र्यापासून सावध राहायच्या पाट्या. तेव्हा रस्त्याच्या कडेपर्यंत फुलंच होती. पाणी भरून झालं की संध्याकाळी गुलछडीचा वास असा दाटायचा, की देवळात आल्यासारखं आपोआप हळू बोललं जायचं.

माझं लग्न होऊन नऊ महिने झाले होते. माझं माहेर माळकऱ्यांचं. वडील गळ्यात मृदंग अडकवून पंचक्रोशीतल्या कीर्तनांना साथ करायचे आणि मी त्यांच्या मांडीला टेकून झोपायची, ती थेट आरतीला जागी व्हायची. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा चुलीपुढं कुणी काढत नसे. लग्न ठरताना वडिलांनी एकच अट घातली होती, की पोरीच्या गळ्यातली तुळशीची माळ निघणार नाही. तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रंगूबाई, म्हणाल्या होत्या, "माळ का निघंल? तिनं शिजवू नये, आम्ही शिजवू. चूल एकच ठेवू, तवा वेगळा." त्या शब्दाला त्या शेवटपर्यंत जागल्या.

आत्याबाईंच्या कोंबड्या गावात वेगळ्या ओळखू यायच्या. त्यांची मान उघडी होती. लाल, सुरकुतलेली, एक पीस नाही. देव कोंबडी घडवताना मानेपाशी आला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेला असावा. आत्याबाईंच्या आईनं त्यांच्या लग्नात अशी एक कोंबडी पाटीत घालून दिली होती. आई तर केव्हाच गेली.

"आईनं पितळी घंगाळ बी दिलं व्हतं," आत्याबाई सांगायच्या. "ते तुझ्या सासऱ्यानं मोडलं आन् हिरीला घातलं. कोंबडी तेवढी अजून चालतीय."

"हिरीचं पाणी पिती ना तू?" मामंजी ओट्यावरून म्हणायचे. "मंग घंगाळ बी चालतंयच की."

मानमोडीनं त्यांच्या अकरा कोंबड्या नेल्या. शेवटची उघड्या मानेची शिवरात्रीच्या सकाळी गेली. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेऊन चोचीत कांद्याचा रस पिळला, लसणाची पाकळी घातली. मान मांडीवरून लोंबली तरी त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. मग उठून आत गेल्या आणि बाजरीची टोपली चाचपली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, म्हणून त्या बोटांनी मोजायच्या.

"तेरा," त्या म्हणाल्या. "तेरा अंडी हायेत. कोंबडी गेली, पण अजून जात गेली नाय."

अंडी होती, पण ती उबवायची कुणाखाली? अख्ख्या वस्तीत एकच खुडूक कोंबडी होती. ती पिसं फुलवून डालग्यात ठाण मांडून बसली होती, कुणी जवळ गेलं की घशातून गुरगुरायची. आणि ती होती जहिदाभाभींची.

जहिदाभाभी बांधापलीकडं राहायच्या. त्यांचे मालक हारुनभाई विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कोंबड्यांनी आत्याबाईंची झेंडूच्या रोपांची गादी उकरली. आत्याबाईंनी धोंडा भिरकावला आणि एका कोंबडीचा पाय मोडला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. जहिदाभाभींनी बांधाला दाट काटेरी कुंपण घातलं आणि आपल्या कोंबड्या आतच कोंडल्या.

अमावास्येला सकाळी आत्याबाईंनी धुवट लुगडं नेसलं आणि मला म्हणाल्या, "चल."

जहिदाभाभी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला पाहून सूप थांबलं नाही.

"जहिदा," आत्याबाई कुंपणाबाहेरूनच म्हणाल्या, "तुझी काळी खुडूक झालीय म्हनं."

"झालीय."

"माझी तेरा अंडी हायेत. वाट्यानं बसवती का?"

वाट्यानं बसवायची म्हणजे कोंबडी एकीची, अंडी दुसरीची. एकवीस दिवसांचा दाणा अंडीवालीनं पुरवायचा. निघतील ती पिल्लं निम्मी निम्मी, आणि पहिली उचल कोंबडीवालीची. आमच्याकडं ही जुनी रीत.

जहिदाभाभींनी आता सूप खाली ठेवलं. "दोन वर्षं माझ्या कोंबडीचं तोंड नको व्हतं मावशी तुम्हाला. आन् आता तिचं बूड पाहिजे?"

मला हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं. आत्याबाईंचं तोंड उतरलं होतं. त्यांनी कुंपणाची काटकी हातात धरली होती आणि बोट टोचत होतं तरी सोडत नव्हत्या.

"पाहिजे," त्या म्हणाल्या.

जहिदाभाभींनी त्यांच्या बोटाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या धोंड्यानंच माझ्या कोंबड्या वाचल्या. कोंडून ठेवल्या नसत्या तर मानमोडीत गेल्या असत्या. आज अमावास्या हाय, आज नको. उद्या घेऊन या. आन् या आता आत, काट्यात काय उभ्या राहता? चहा ठेवते."

"चहा नको. कोरडं वैर मोडलं तेवढं बास," असं म्हणत आत्याबाई आत गेल्या आणि दोन कप चहा पिऊन उठल्या.

दुपारी आत्याबाई आणि मामंजी खुरपणीला गेले. मी घरात एकटी. बाजरीच्या टोपलीवरचं फडकं मी पहिल्यांदाच काढलं. आजवर तिला हात लावायची वेळ कुणी माझ्यावर आणली नव्हती. अंड्यांवर कोंबडीची घाण वाळलेली, एकाला पीस चिकटलेलं, एकावर रक्ताची बारीक रेघ. मला गलबलून आलं. आत्याबाईंच्या आईची आठवण उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, ती अशी? सणाला मी देवाचे टाक चिंचेनं, राखेनं उजळायची. त्या दिवशी मी चुलीवर पाणी कोमट केलं, राख घेतली, काथ्या घेतला आणि तेराच्या तेरा अंडी घासली. खळखळून धुतली, मऊ धडप्यानं पुसली. इतकी लख्ख निघाली की मलाच कौतुक वाटलं. मग पुन्हा बाजरीत मांडून ठेवली. त्या अंड्यांचा स्पर्शही मला नकोसा वाटला नाही. आत्याबाईंना सांगावं असं मनात आलं, पण मग म्हटलं, उद्या जहिदाभाभींपुढं त्यांना आपोआप कळेल आणि त्या खूश होतील.

दुसऱ्या दिवशी जहिदाभाभींच्या ओसरीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, पाटी मांडली. खाली राख, वर गव्हाचं काड, मधे खळगा. विजेच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा आणि कोळसा काडात खुपसला. आत्याबाई मोजण्याच्या नादात एकेका अंड्यावर कोळशाची रेघ ओढून पुढं करत होत्या. मधेच कोंबडीनं आपलं अंडं घातलं तर कळावं म्हणून ही खूण. जहिदाभाभींनी पहिलं अंडं हातात घेतलं. त्याच्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडं पाहिलं. मी हसले. त्याही हसल्या आणि त्यांनी ते अंडं खळग्यात ठेवलं.

काळी कोंबडी पाटीत उतरली. अंगाचा पसारा केला, चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढलं, डोळ्यांवर पांढरी पापणी आणली. आत्याबाईंनी हात जोडले.

दाणा न्यायचं काम माझ्याकडं आलं. रोज सकाळी ज्वारी आणि वाडगाभर पाणी घेऊन मी बांध ओलांडायची. कोंबडी दिवसातून एकदाच उठायची, घाईघाईनं दाणे टिपायची, मातीत लोळून अंग झटकायची आणि परत पाटीत. तिच्या पोटाची पिसं झडून कातडी लाल दिसायला लागली होती. उभं राहून चालताना पाय लटपटायचे. आठव्या दिवशी जहिदाभाभी माझ्याजवळ येऊन बसल्या. हात भाजीच्या देठात गुंतलेले.

"शुभांगी, तुला एक सांगू? अंड्याच्या अंगावर देवानं एक पापुद्रा दिलेला असतो. डोळ्याला दिसत नाय. घाणेरडं असलं तर कोरड्या फडक्यानं पुसावं, पण पाणी लावू नये. पापुद्रा गेला की अंडं आतून सडतं."

माझ्या हातातला वाडगा कलला. पाणी पायावर सांडलं.

"कुणी धुतली म्हणून नाय म्हणत मी," त्या देठ मोडत म्हणाल्या. "तुझ्या माहेरात कोंबड्या नव्हत्या, म्हणून सांगून ठेवलं. पुढं उपयोगी पडंल."

आत्याबाई रोज संध्याकाळी बोटांवर दिवस मोजायच्या आणि मोजून झाले की म्हणायच्या, "निम्मी गेली तरी सहा-सात निघतील. त्यातल्या तीन उघड्या मानेच्या. त्यातली एक पोरीच्या घरी जावी असं आईचं म्हणणं व्हतं, पण मला पोर कुठं झाली?" मी भाकरी थापत असायची. भाकरी काठाला फाटायची.

गावच्या मारुतीच्या देवळात तेव्हाच सप्ताह बसला. सात दिवस रोज कीर्तन, तेही आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एरवी मी आनंदानं वेडी झाले असते. संध्याकाळी कामं उरकून बायकांच्या रांगेत जाऊन बसले, टाळ्या वाजवू लागले, आणि माझी टाळी चुकायला लागली. मृदंग्याची पोर मी. ठेका माझ्या अंगात होता. बुवा रंगात आले होते, माणसं डोलत होती, शेजारच्या लताबाईंचे डोळे भरून आले होते, आणि माझे हात प्रत्येक वेळी बोटभर उशिरा मिळत होते. शेवटी मी हात मांडीवर ठेवले. वाटलं, आज घरी गेल्यावर सांगायचं. घरी आले तर आत्याबाई कोंबडीसाठी ज्वारी निवडत बसल्या होत्या, दिसत नव्हतं म्हणून प्रत्येक दाणा बोटानं चाचपून. मी तशीच आत गेले.

रंगपंचमी झाली. एकविसावा दिवस आला. एकही अंडं टोचलं गेलं नाही. पाटीला कान लावला तर आतून चिवचिव नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी आत्याबाई माझ्याबरोबर आल्या. कोंबडीखाली हात घालून त्यांनी अंडी चाचपली आणि हात बाहेर काढला.

"जहिदा!"

जहिदाभाभी चुलीपासून उठून आल्या.

"तुझी कोंबडी उठत व्हती. बसलीच नाय ती नीट. नायतर तेरात एक निघत नाय असं व्हतं का कधी?"

"बसली मावशी. शुभांगीला विचारा."

"तिला काय कळतंय कोंबडीतलं! कोंबडी उन्हात सोडून देत असशील घंटाघंटा. का माझ्या धोंड्याचा वचपा काढला? तसं असंल तर तसं म्हण ना तोंडावर."

मी जहिदाभाभींकडं पाहिलं. आता त्या सांगणार असं मला वाटलं. त्यांचे ओठ आवळले गेले होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, तेही ओझरतं, आणि मान खाली घातली.

"आमच्याकडून काय कमी झालं आसंल तर माफ करा," त्या म्हणाल्या.

"माफीनं पिल्लं निघत्यात व्हय!" आत्याबाईंचा आवाज फाटला. "शुभे, परातीत कोमट पाणी आण. पाण्यात सोडून बघू. ज्यात जीव आसंल ते हलंल."

"नका आत्याबाई," मी म्हणाले. "पाण्यात नका घालू. मी आधीच धुतलीत ती."

आत्याबाईंनी आवाजाच्या रोखानं माझ्याकडं तोंड वळवलं.

"बसवायच्या आदल्या दिवशी. राखेनं. घाण होती म्हणून. मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी मी बोलले नाही. भाभींना कोंबडी बसवतानाच समजलं होतं, त्यांनी माझं नाव घेतलं नाही. कोंबडी पाय लटपटेपर्यंत बसली, आत्याबाई. तिचं काही चुकलं नाही."

आत्याबाई मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या कोंबडीजवळ उकिडव्या बसल्या होत्या. मग लुगड्याच्या ओच्यानं तोंड पुसलं.

"पाणी आण," त्या म्हणाल्या. "ताप असलेल्या पोराच्या अंगाइतकं."

मी परात आणली. त्यांनी कोपर बुडवून पाणी पाहिलं. जहिदाभाभींनी कोंबडी काखेत धरली आणि आम्ही तेरा अंडी पाण्यात सोडली. ती तरंगली, परातीच्या काठाला लागली, एकमेकांवर हळू आपटली आणि शांत झाली.

"मला दिसत नाय," आत्याबाई म्हणाल्या. "तू बघ. हललं तर हललं म्हण. नाय तर नाय म्हण. मला बरं वाटावं म्हणून काय सांगू नको."

मी परातीवर वाकले. माझ्या श्वासानं पाणी हलत होतं, म्हणून श्वास धरला. कोळशाच्या रेघा पाण्यावर स्तब्ध उभ्या होत्या. एक. दोन. पाच. कशातच काही नव्हतं. बुवा कीर्तनात म्हणतात ना, नाम घ्यावं आणि वाट बघावी. मला नामही आठवत नव्हतं. नुसती बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "हे नाही. हेही नाही."

"नीट बघ."

"बघतेय. नाही."

जहिदाभाभी पुटपुटत अल्लाचं नाव घेत होत्या. मग काठाजवळचं एक अंडं, कुणी आतून कोपर मारावं तसं, टचकन एका अंगाला गेलं आणि परत आलं.

"हललं!"

"शपथ?"

"माळेची शपथ, हललं. पुन्हा हललं. आणि त्याच्या पलीकडचं... थांबा... तेही. तेही हललं, आत्याबाई!"

अजून बराच वेळ आम्ही परातीभोवती बसलो. तिसरं हललं नाही. मी तिसरं आहे असं म्हटलं नाही. दोन अंडी धडप्यात टिपून कोंबडीखाली परत गेली. अकरा अंडी मी फुलांच्या वाफ्याच्या कडेला पुरली. घरी परत जाताना बांधाच्या चढाला आत्याबाईंनी नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात टेकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहिदाभाभींची हाक आली. आत्याबाई अनवाणीच निघाल्या. मी मागून, आणि मामंजी आमच्या मागून, विडी विझवत.

काळ्या कोंबडीच्या पंखातून दोन डोकी बाहेर आली होती. एक पिल्लू पिवळसर, गुबगुबीत, मानेपर्यंत कापूस. दुसरं काळपट, अजून ओलसर, आणि त्याची मान उघडी. लाल, बोटाच्या पेरासारखी, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मुठीसारखी.

आत्याबाईंनी खाली बसून बोट पुढं केलं. बोट काळपट पिल्लाच्या मानेवरून गेलं आणि तिथंच थांबलं. पण पहिली उचल कोंबडीवालीची. त्यांनी बोट मागं घेतलं आणि अंगणाकडं तोंड फिरवलं.

"उचल जहिदा," त्या म्हणाल्या. "तुझा मान हाय. आन् काल जे बोलले ते..."

"काल तुम्ही काय बोलल्या? मला तर ऐकूच आलं नाय, मोटारीचा आवाज केवढा व्हता," जहिदाभाभी म्हणाल्या. हारुनभाईंची मोटार काल दिवसभर बंद होती. त्यांनी दोन्ही पिल्लं ओंजळीत घेतली, उलटसुलट करून पाहिली. "मी आपलं हे पिवळं घेते. ते उघड्या गळ्याचं मला नको बाई. थंडीत त्याला मफलर कोण विणत बसंल?"

मामंजी दारातून हसले. "विणायला आमची रंगू हाय की."

"तुम्ही गप बसा!" आत्याबाई म्हणाल्या. मग जहिदाभाभींकडं न बघता, "दोघं बी तुझ्याच कोंबडीखाली राहू दे अडीच महिने. दाणा मी पुरवीन. एकटं पिल्लू जगत नाय."

"मी कुठं नाय म्हणते?"

आत्याबाईंनी काळपट पिल्लू उचललं. गालाला लावलं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ते शब्द मला ऐकू आले नाहीत, ऐकायचेही नव्हते. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"हात पुढं कर."

मी मागं सरले. "आत्याबाई, माझ्या हातानं अकरा..."

"हात कर म्हणते ना. मला पोर नाय झाली. आईचं देणं कुणाच्या तरी हातात गेलं पायजे." त्यांनी पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं. "हे तुझं. जगलं तर तुझं, मेलं तर बी तुझंच."

पिल्लू ओंजळीत धडपडलं, मग बोटांच्या खळग्यात पोट टेकून बसलं. ती उघडी मान माझ्या अंगठ्याला लागली. मृदंगाच्या शाईवर हलका हात पडावा तशी तिच्यात एक बारीक धडधड चालली होती, एकाही मात्रेला न चुकणारी. मी ओंजळ हलवली नाही. डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला होता. मामंजी समोर दारात उभे होते, आणि पदर सावरायला माझा एकही हात मोकळा नव्हता.

आत्याबाईंनी चाचपत माझा पदर शोधला आणि तो पुढं ओढून माझ्या डोक्यावर नीट घेतला.